दहा सेकंदांत सहा वेळा

३ जुलै
मिस रुबा म्हणाली, रोज लिहा. मी वाचणार नाही, कुणीच वाचणार नाही, हात बसला पाहिजे म्हणून लिहा. कुणी वाचणार नाही तर लिहायचं कशाला, असं मी विचारलं. सगळा वर्ग हसला. ती म्हणाली, उम्म मिथकाल, स्वतःसाठी. बरं. तिसरीत सुटलेली शाळा चोपन्नाव्या वर्षी धरली आहे, तर हेही करू. ही वही औषधाच्या दुकानात फुकट मिळाली. गेल्या वर्षीची आहे. तारखा बरोबर, वार चुकीचे. वारांशी मला काही देणंघेणं नाही.

मोठी बातमी. माझा मुलगा मिथकाल येतोय. २८ तारखेला दुपारच्या विमानाने, जर्मनीहून, सहा वर्षांनी. बापाच्या मयतीलाही येता आलं नव्हतं पोराला, कागद अडले होते. फोनवर म्हणाला, आई, तू विमानतळावर येऊ नकोस, काका येतील. आणि आलो की गाडीचंही बघून टाकू. बघून टाकू म्हणजे विकून टाकू. हे बोलणं त्याचं नव्हे, माझ्या दिराचं, अबू नाहेदचं. दोन वर्षं तेच चाललंय. वहिनी, बाईमाणूस एकटी, जुनी गाडी, हा चढउतार, कुठे काही झालं तर. गाडीचे कागद मिथकालच्या नावावर आहेत, म्हणून त्याचे कान भरतो.

मी म्हटलं, मी येणार. माझ्या गाडीने, स्वतः चालवत. आणि तो काही बोलायच्या आत फोन ठेवला.

तीस वर्षं नवऱ्याच्या बाजूच्या सीटवर बसले. तो गेल्यावर लायसन्स काढलं. चौथ्या टेस्टला पास झाले, पहिल्या तीन वेळा परीक्षकाची चूक होती. आता पुन्हा दिराच्या मागच्या सीटवर जाऊन बसणार नाही. पोराने डोळ्यांनी बघितलं की आई गाडी घेऊन आली, की विषय संपला.

एकच बारीक अडचण आहे. रिमोट. उद्या लिहीन, हात दुखला.

४ जुलै
रिमोटचं असं झालं. हरवू नये म्हणून मी तो गळ्यात दोरीला बांधला होता. परवा जेवायला माणसं होती, जमीद, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा रस्सा, ढवळत होते. मोठं पातेलं. वाकले, दोरी तुटली, रिमोट आत. आता जमीदचं दही उकळी येईपर्यंत एकसारखं, एकाच दिशेने ढवळावं लागतं. हात थांबला की फाटलं. बाहेर बारा माणसं जेवायला बसलेली. मी काय करणार? ढवळत राहिले. रिमोट दोनदा वर आला, दोनदा खाली गेला. दही अजिबात फाटलं नाही. सगळ्यांनी तारीफ केली.

रिमोट धुतला, गच्चीवर भेंडीबरोबर वाळत घातला. दोन दिवस झाले. बटण दाबलं की दही येतं.

कुणीही म्हणेल, रिमोट नाही तर किल्लीने दार उघड. दाराच्या कुलपात गेल्या हिवाळ्यात अबू नाहेदने स्क्रू ड्रायव्हर घातला होता, दुरुस्त करतो म्हणून. तेव्हापासून किल्ली नुसती गोल फिरते. मग गाडी उघडीच ठेव म्हणेल कुणी. ती राहत नाही उघडी. दारं लावली, किल्ली काढली, की अर्ध्या मिनिटात स्वतःच कुलूप लावून घेते. माझ्या नवऱ्याला हे फार आवडायचं. म्हणायचा, तुझ्यापेक्षा गाडीला जास्त अक्कल आहे.

फक्त डिकीचं कुलूप किल्लीने उघडतं. पण रिमोटशिवाय उघडलं की गाडीला वाटतं चोर आला. सायरन. स्टेअरिंगपाशी किल्ली लावून फिरवेपर्यंत बंद होत नाही.

६ जुलै
आज डिकीतून गेले. उगाच घाबरत होते, काही अवघड नाही. गुडघा आत, मग मागच्या सीटवरून पोटावर, मग पुढे. सायरन चालू होता तेवढ्यात अख्खी आळी बाहेर आली. समोरची उम्म राकान ओरडली, अगं कोण मेलं? मी आतून म्हटलं, कुणी नाही, भाजी आणायला चाललेय.

भाजी आणली. येताना पुन्हा तसंच, बाजारात. तिथे जरा माणसं जास्त होती.

हे दोनचार दिवसांपुरतंच आहे. नवा रिमोट घेणार. विषय संपला.

८ जुलै
अबू नाहेद आला होता. सायरनचं त्याच्यापर्यंत गेलंच. चहा प्यायला, बूट बघत बसला, मग म्हणाला, वहिनी, दुसरा रिमोट माझ्याकडे आहे की. भावाने दिला होता जपायला. २८ला मीच गाडी नेईन, तुम्ही मागे आरामात बसा, पोराला घेऊन येऊ. नंतर रिमोट तुमच्याकडे ठेवा हवं तर.

मागे आरामात!

मी म्हटलं, तुमचा रिमोट तुम्हाला लखलाभ. माझा नवा येतोय. तो म्हणाला, कुठून? मी म्हटलं, येतोय. चहा अर्धा टाकून गेला. साखर वाया.

११ जुलै
अम्मानला जुम्म्याच्या बाजारात गेले, बसने. जुन्या सामानाच्या ओळीत एका चादरीवर रिमोटच रिमोट, वांग्यांसारखे पसरलेले. मी बाजारात फसणारी बाई नव्हे. वीस उचलून बघितले. आमच्यासारखाच दिसणारा, तीन बटणांचा, त्यातला वजनाला जड तो घेतला. विकणारा म्हणाला, आई, हा सगळ्या गाड्यांना चालतो, फक्त गाडीला ओळख करून द्यायची. कशी? त्याने एक कागद दिला. इंग्रजी. म्हणाला, पोरंसोरंसुद्धा करतात.

पोरं करतात तर मी का नाही?

१३ जुलै
मिस रुबाने वर्गात कागद वाचला आणि फळ्यावर अरबीत लिहिला. आजचा धडा तोच झाला. सगळ्यांनी उतरवून घेतला, ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनीसुद्धा. असा आहे:

गाडीत बसा. सगळी दारं बंद करा. किल्ली लावा, फिरवा, बंद करा, असं सहा वेळा. सगळं दहा सेकंदांच्या आत. जमलं की चारी लाईट दोनदा लागतील. मग रिमोटचं बटण दाबा. गाडी ओळखेल.

बस. एवढंच. यासाठी लोक दुकानात पैसे देतात.

उद्या सकाळी दहाला करणार, सव्वादहाला चहा. पंधरा दिवस उरतात, त्यात विमानतळाचा रस्ता दोनदा जाऊन येईन.

१४ जुलै, दुपार
झालं नाही. कारण माझं नाही. डिकीतून शिरले, सायरन बंद केला, दारं बंद. दोनदा किल्ली फिरवली तोच उम्म राकानने दार उघडलं, हातात ट्रे. म्हणाली, उन्हात बसलीयेस, चहा घे. दार उघडलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चहा घेतला. दुसऱ्यांदा सुरू केलं. तिच्या जावेने पलीकडचं दार उघडलं, म्हणाली, बिस्किटं राहिली. तिसऱ्यांदा दोघी मागे येऊन बसल्या, सोबत म्हणून. मी म्हटलं, दारं लावून बसा आणि तोंड बंद. बसल्या. चार वेळा किल्ली फिरली. मग उम्म राकानने घाम पुसत दार उघडलं, म्हणाली, अगं जीव जाईल आत.

नको कसं म्हणायचं? चहा आणलेल्या बाईला दार बंद कर म्हणून सांगायचं?

१५ जुलै
आज आतून कुलूप लावलं. उम्म राकानने काच वाजवली. मी हाताने थांब म्हटलं. तिने पुन्हा वाजवली. मी बघितलंच नाही. ती ट्रे घेऊन परत गेली. आता दोन दिवस बोलणार नाही, तिचा स्वभाव आहे.

तरी लाईट लागले नाहीत. नऊ वेळा केलं. गाडीत दोष आहे.

१७ जुलै
उम्म राकान बोलायला लागली. मीच गेले, भरलेल्या द्राक्षपानांची ताटली घेऊन. तिने विचारलं, नेमकं करतेस काय तू आत? मी करून दाखवलं. ती घड्याळ लावून बघत होती. मोठ्याने हसली. म्हणाली, उम्म मिथकाल, पंधरा सेकंद लागतात तुला. दर वेळी बिस्मिल्ला म्हणतेस!

म्हणतेच. किल्लीला हात लावायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायचं, हे मी गाडी शिकले त्या दिवसापासून आहे. त्यामुळेच आजवर कुठे आपटले नाही. एकदा भिंतीला लागली, तेव्हा फोन वाजला होता म्हणून राहिलं होतं.

ती म्हणाली, एकदाच म्हण सहांच्या आधी. मी म्हटलं, सहा वेळा किल्ली फिरते, एकदा कसं पुरेल? ती म्हणाली, जेवताना काय घासाघासाला म्हणतेस? यावरचं उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, पण आता आठवत नाही.

१८ जुलै
नमाजनंतर मशिदीच्या दारात शेखना गाठलं. विचारलं, एक बिस्मिल्ला सहा वेळांना चालते का? त्यांनी आधी विचारलं, कशाच्या सहा वेळा? मी सगळं सांगितलं, दह्यापासून. शेख बराच वेळ दाढीवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं विचार करतायत. नंतर कळलं हसू आवरत होते. म्हणाले, बहिणी, काम एकच आहे, एकदा मनापासून म्हण, सहाही त्यात आली. मग म्हणाले, माझ्या भावाची हीच गाडी आहे. त्याला जमलं नाही.

त्याला जमलं नसेल. त्याने दर वेळी म्हटलं असणार.

२१ जुलै
तीन दिवस सराव. गाडीत नव्हे, स्वयंपाकघरात, कपाटाच्या किल्लीवर. एक बिस्मिल्ला, सहा फेऱ्या. अकरा सेकंदांवर आले. कपाटाचं कुलूप बिघडलं. त्यात माझं लायसन्स होतं. कपाट मागून उघडलं.

मिथकालचा फोन आला. विचारलं, आई, काकांशी बोललीस? मी म्हटलं, सगळी तयारी झाली आहे. तो म्हणाला, कसली? मी म्हटलं, तू ये तर. मग म्हणाला, आई, तुला तिथे काही झालं तर मी इथून काय करू शकणार, सांग. असं काही बोलायची गरज नव्हती. मी म्हटलं, जमीद बाहेर वाळत आहे, मांजर येईल, ठेवते. मांजर नव्हतं.

२४ जुलै, सकाळी साडेदहा
झालं! झालं! झालं!

नऊ सेकंद. चारी लाईट दोनदा लागले. उम्म राकानने ओठांवर हात ठेवून अशी आरोळी दिली की खालच्या आळीतल्या बायकांनी लग्न समजून पुढची दिली. मी रिमोट दाबला.

काही झालं नाही. पुन्हा दाबला. तिन्ही बटणं. दुरून, जवळून, काचेला चिकटवून. दहा मिनिटं.

पण लाईट लागले. म्हणजे गाडीने माझं ऐकलं. अर्धं काम झालं, अवघड तेच. उरलेलं सोपं असणार.

२५ जुलै
उरलेलं करत होते. दिवसभरात सात वेळा लाईट लागले. आता मला ते डोळे मिटून जमतं. रिमोट दगड आहे. सेल बदलला, आणखी दोन बदलले. रिमोट उन्हात ठेवला, मग फ्रिजमध्ये.

रात्री झोप नाही. तीन दिवस उरले.

२६ जुलै
लिहायचं नव्हतं. पण मिस रुबा म्हणते सगळं लिहा.

अबू नाहेदकडे गेले. जाताना पुडा भरून मिठाई नेली, उगाच आले असं वाटू नये म्हणून. त्याच्या बायकोने कॉफी दिली. मी कपाला हात लावला नाही, खाली ठेवला. आपल्याकडे काही मागायचं असलं की पाहुणा कप खाली ठेवतो आणि यजमान हो म्हणेपर्यंत पीत नाही. मुलगी मागायला जातात तेव्हाची रीत. रिमोट मागायला कुणी कधी केली नसेल. अबू नाहेदने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, प्या वहिनी, देतो.

मागच्या सीटचं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी भांडून तरी निघाले असते.

रिमोट आतल्या खोलीतून आणला. माझ्या नवऱ्याच्या रुमालात बांधलेला होता. अजून त्याच गाठीत.

आता काळजी नाही. रिमोट आहे.

२७ जुलै
चालत नाही.

त्याचा रिमोट चालत नाही. गाडीसमोर उभी राहून दाबते आहे, गाडी ढिम्म. अबू नाहेद म्हणाला, गेल्या महिन्यात मी इथून जाताना दाबला होता, उघडली होती. मी म्हटलं, तुमच्या कपाटात दमट असेल. तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. दमट! आपल्या सल्तमध्ये, जुलैत!

त्यालाच घेऊन खालच्या वेशीजवळच्या किल्लीवाल्याकडे गेले, अबू हिलालकडे. म्हातारा, डोळ्याला भिंग लावून बसतो. म्हणाला, हाज्जा, काय त्रास? मी म्हटलं, मी हजला गेलेले नाही आणि तेवढी म्हातारीही नाही. त्याने नवा रिमोट उघडला, आत बघितलं, म्हणाला, हा अमेरिकेतून आलेल्या गाड्यांचा. तुमची कोरियातून आलेली. बाहेरून एकच कवच, आत रेडिओच वेगळा. हा शंभर वर्षं बोलत बसला तरी तुमच्या गाडीला ऐकूच येणार नाही.

मग जुना रिमोट मशीनवर ठेवला. म्हणाला, हा तर उत्तम आहे. मग गाडी का उघडत नाही? त्याने विचारलं, लाईट लागले होते का? दोनदा? मी म्हटलं, आठ वेळा! अभिमानाने म्हटलं. त्याने भिंग काढलं. म्हणाला, लाईट लागले की ही गाडी आधीचे सगळे रिमोट पुसून टाकते आणि नव्याची वाट बघते. नवा भेटला नाही तरी जुने गेले ते गेलेच. पण ओळख परत करून देता येते. लाईट लावा, मग हाच जुना रिमोट दाबा. मिनिटाचं काम.

मी त्याला मिठीच मारणार होते. पण अबू नाहेद त्याच मिनिटाला रिमोट माझ्या हातातून काढून घेत म्हणाला, आता कुणी काही करायचं नाही, उद्या विमान आहे, मिथकाल इंजिनिअर आहे, तो बघेल. रिमोट खिशात घातला. मी उद्या माझ्या गाडीने जातो त्याला आणायला, म्हणाला.

मी घरी आले. कपाटाच्या मागून लायसन्स काढलं.

२८ जुलै, रात्री
गेले. एकटी. सकाळी आठला डिकीतून शिरले, सायरन, आळी, उम्म राकानचा चहा खिडकीतून. एक बिस्मिल्ला. विमानतळ पाऊण तासावर आहे म्हणतात, मला अडीच तास लागले, कारण मी नियमाने चालवते. मागच्यांनी हॉर्न दिले. त्यांना घाई असेल.

अबू नाहेदच्या आधी पोचले! पार्किंगमध्ये गाडी लावली, आत गेले, चार तास उभी राहिले. विमान उतरलं, माणसं येईनात. मग आठवलं, मिथकालसाठी आणलेले काअक, खजुराची बिस्किटं, गाडीत राहिले. पळत गेले. गाडीने स्वतःला कुलूप लावून घेतलेलं. डिकी, गुडघा, पोट. सायरन. नवा झगा सीटच्या आकड्याला अडकला. पुढेही जाता येईना, मागेही.

पोलीस आला. बाहेर या म्हणाला. मी म्हटलं, येता येत नाही. तो म्हणाला, गाडी कुणाची? मी म्हटलं, माझी. म्हणाला, मालक असं शिरत नाहीत.

तेवढ्यात मागून आवाज आला, आई?

सहा वर्षांनी पोराने मला बघितलं ते माझ्या चपला. मला तो दिसलाच नाही. आवाज जाड झालाय. मी आतूनच म्हटलं, आलास का बाळा, जेवलास का?

परत येताना त्याने चालवली. मी बाजूच्या सीटवर. पुढे अबू नाहेदची गाडी, वाट दाखवायला. काअक चेपले होते, तरी त्याने तीन खाल्ले. मध्येच हसायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या, मग बराच वेळ नुसतं पाणीच.

घाटात म्हणाला, आई, परत जाताना तू सोड मला विमानतळावर. मी बाजूला बसतो. मग गाडीचं ठरवू.

ठरल्यातच जमा आहे.

२ ऑगस्ट
मिथकालने काकांकडून रिमोट घेतला आणि गाडीत बसला. सहा वेळा किल्ली, पाच सेकंदांत. लाईट नाहीत. पुन्हा, नाहीत. जर्मनीत मोठमोठ्या मशीन चालवतो. मी काचेबाहेरून म्हटलं, बिस्मिल्ला म्हण. त्याने म्हटलं. नाहीत. मी म्हटलं, सरक. मी केलं. नाहीत.

अबू हिलालला बोलावलं. त्याने स्टेअरिंगखाली हात घालून चाचपलं. म्हणाला, किल्लीची जागा झिजली आहे, आता ती मोजत नाही. कितीदा फिरवली? मी म्हटलं, फार नाही. उम्म राकान म्हणाली, रोज. तिला कुणी विचारलं होतं?

तो सुटा भाग आता येत नाही म्हणे. गाडी सुरू होते तेवढं पुष्कळ, म्हणाला.

१० ऑगस्ट
परवा तो जाणार. रस्ता पाठ केला. उजव्या हाताला पेट्रोलपंप, मग पूल, मग सरळ. आज मिथकालला बाजूला बसवून बाजारापर्यंत नेलं. तो दाराचा दांडा धरून बसला होता, पण चांगली चालवतेस म्हणाला. खरंच म्हणाला.

निर्धार: परवा घाई करायची नाही. सामान आधी, मग मी, मग तो.

१२ ऑगस्ट
ठरल्याप्रमाणे सामान आधी. सकाळी अकरा. आळीतले सगळे निरोपाला. डिकी उघडली, सायरन झाला, आत जाऊन बंद केला, सगळं नीट. किल्ली घेऊन बाहेर आले. मिथकालने सुटकेस डिकीत ठेवली. झग्याचं टोक तिच्याखाली गेलं. ते ओढायला दोन्ही हात हवे होते, म्हणून किल्ली सुटकेसवर ठेवली. झगा सुटला. डिकी लावली. सगळ्यांचे हात चुंबण्यात, मिठ्यांत अर्धं मिनिट गेलं. मग खट्.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

सगळे एकदम बोलले. पासपोर्ट सुटकेसमध्ये. अबू नाहेदने आपली गाडी वळवून आणून उभी केली. मिथकालने दगड घेतला, मागची लहान काच फोडली. सायरन. तो आत शिरला, सुटकेस ओढून काढली. किल्ली घसरून स्टेपनीच्या खड्ड्यात गेली होती, शोधायला वेळ नव्हता. सायरन चालूच. मुलं कानांवर हात ठेवून नाचत होती.

त्याने माझं डोकं चुंबलं, हात चुंबला. काकांच्या गाडीत बसला. काच खाली केली. माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी मान डोलावली. गाडी गेली.

दुपारी किल्ली सापडली. आता बघितलं तर बरंच झालं की. फुटक्या काचेतून हात घातला की आतून दार उघडतं. रिमोट नको, डिकी नको.

१३ ऑगस्ट
अबू नाहेद आला. बरोबर एक माणूस, हातात दोरी आणि टेप. दीर म्हणाला, वहिनी, मिथकालने काल तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. मी शेजारीच होतो. हा मादबा गावचा आहे, जशी आहे तशी घेतोय.

काल सायरन चालू होता. त्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलताना दिसले, पण ओठांवरून मला समजत नाही. मी नुसती मान डोलावली, असं मी त्यांना सांगितलं. मिथकालला फोनवरही तेच सांगितलं. इथेही तेच लिहून ठेवते. मिस रुबा, वाचलंस तरी हेच.

१६ ऑगस्ट
आज नेली. त्या माणसाने काचेतून हात घातला, दार उघडलं, सायरन, किल्ली, गेला. बिस्मिल्ला म्हणाला नाही. मी गच्चीवर भेंडी उलटत होते. अबू नाहेद खालून म्हणाला, वहिनी, कुठे जायचं असलं की सांगत जा, मी आहे, या बसा मागे. मी म्हटलं, बघू.

गाडी वळणावर गेली तेव्हा गळ्यातला अमेरिकन रिमोट दाबून बघितला. एकदाच.

मागचे लाल लाईट लागले. दोन्ही.

ब्रेकचे असतील. तिथे उतार आहे.